हाकेचा रकाना

वसईच्या पाचूबंदरात मासळीच्या भर लिलावात “हिल्डा!” अशी हाक मारून बघा. निदान चार बायका मान वळवतील आणि पाचवी डोक्यावरची पाटी उतरवत विचारील, “कुठली हिल्डा?” कारण साधं आहे. इथल्या ख्रिस्ती कोळ्यांत पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव ठेवायची रीत. आजीला तीन मुलगे असले की तिच्या नावाच्या तीन नाती. त्या एकाच गल्लीत वाढतात, बहुतेकींची लग्नं गावातच होतात, आणि आडनाव तर निम्म्या गावाचं कोळी. मग माणसं ओळखायची कशी? त्यासाठी गावाने प्रत्येकीला एक हाक दिली. कुणी विहिरीवरची, कुणी गोरी, कुणी लंगडी, कुणी घाईवाली. बाप्तिस्म्याचं नाव फादरांच्या वहीत राहतं, हाक गावाच्या तोंडात राहते.

आपली हिल्डा चोवीस वर्षांची. तिची हाक ‘चिंबोरीची हिल्डा’. चिंबोरी म्हणजे तिची आई, क्लेमेंटीन. लग्न होऊन आली त्याच वर्षी लिलावात एका व्यापाऱ्याने तिने उचललेल्या कोळंबीवर हात ठेवला. क्लेमेंटीनने त्याचं मनगट धरलं आणि तो मोठ्याने ओरडेपर्यंत सोडलं नाही. सगळं बंदर टाळ्या वाजवत होतं म्हणतात. त्या दिवसापासून ती चिंबोरी, पकडलेलं न सोडणारी खेकडी. क्लेमेंटीन ही हाक सोन्याच्या माळेसारखी मिरवत आली. मुलीला मात्र ती टोचायची. सातवीत असताना एव्हरशाईन सिटी या इमारतींच्या वसाहतीतली तिची मैत्रीण रिद्धी घरी आली होती. दारातून शेजारीण ओरडली, “गो चिंबोरी, बोंबील उलटलेस का?” रिद्धी पोट धरधरून हसली. “तुझ्या मम्मीला क्रॅब म्हणतात?” त्यात दुष्टावा काही नव्हता, पण हिल्डाने पुढे कुठल्याच मैत्रिणीला घरी आणलं नाही.

पोरगी हिशेबी डोक्याची. वसईतच संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. मग दोन वर्षं अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी केली. माणसं मोबाईलवर कुठल्या चपलेपाशी थांबतात आणि कुठली सोडून पुढे सरकतात, ते मोजायचं काम. एक दिवस तिच्या मनात आलं की आपली आई वीस वर्षं एकाच रस्त्यावर उन्हात बसते, ते मात्र कुणी मोजलेलं नाही. नोकरी सोडून तिने मुंबईत पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. डेटा सायन्स आणि सामाजिक विषमता, दोन्ही एकत्र.

गावाला हे समजावता समजावता तिच्या नाकी नऊ आले. बंदरावर बर्फाचं दुकान चालवणारा ग्लेन तर पाठच सोडीना.

“म्हनजे शिकून तू होनार कोन? डॉक्टर?”

“नाही.”

“वकील?”

“नाही रे ग्लेनदादा. कुणाला किती मिळतं, कुणाला मिळतच नाही, आणि का मिळत नाही, ते आकड्यांमधून शोधायचं.”

“त्याला कॉलेज कशाला लागतं? चार दिवस माझ्या दुकानात बस. कोनाला बर्फ पयला मिलतो, कोनाला शेवटी, समदं कलेल तुला.”

हिल्डा हसली. पुढे तिला आठवणार होतं की ग्लेन चुकीचं बोलला नव्हता.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय आयता चालून आला. मासळी विकणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने एव्हरशाईन सिटीच्या अंगाला नवी शेड बांधली. वर पत्रा, खाली लादी, नळ, गटार आणि अठ्ठेचाळीस ओटे. ओटा म्हणजे बसून मासळी मांडायचा सिमेंटचा कट्टा. रस्त्याकडेला गोणपाट टाकून बसणाऱ्या बाईला तो सिंहासनासारखा. मागणाऱ्या मात्र पावणेदोनशेच्या आसपास. आजवर असल्या गोष्टी ज्यांच्या घरी बोट त्यांना, नाहीतर ज्यांचा आवाज मोठा त्यांना मिळत आल्या. म्हणून संस्थेने हिल्डाला विचारलं, गरजेप्रमाणे क्रम लावून देशील का? कोण किती वर्षं धंद्यात, घरात बोट आहे का, दुसरं कुणी कमावतं का, सध्या बसायची जागा कुठली, असे प्रश्न ठरले. प्रत्येक उत्तराला गुण ठरले. तिच्या मार्गदर्शक भाविका मॅडमनी ते तपासले. हिल्डाची आईही ओट्यासाठी उभी आहे हे तिने मॅडमना आणि संस्थेला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. गुण आधी ठरले, नावं नंतर भरली, म्हणून कुणाची हरकत नव्हती.

नावं आली बायकांच्या वहीतून. एकशे त्र्याहत्तर ओळी. नाव, वय, फोन, प्रश्नांची उत्तरं, आणि शेवटच्या रकान्यात हाक. ती वही बायकांनी आपल्या सोयीने आखली होती. हिल्डाने सगळं संगणकात उतरवलं आणि शेवटचा रकाना वगळला. मॅडमना तिने कारण दिलं, खासगी माहिती आहे, प्रबंधात नको. कारण खोटं नव्हतं. पण त्या रकान्यात ‘लंगडी’ होती, ‘बोबडी’ होती, आणि एकशे बाराव्या ओळीत ‘चिंबोरी’ होती. मुंबईच्या प्राध्यापकांनी ते वाचावं असं तिला वाटत नव्हतं. हे दुसरं कारण तिने स्वतःलासुद्धा मोठ्याने सांगितलं नाही.

काही बायकांनी वहीत दोनदा नाव लिहिलं होतं, एकदा पावसाळ्याआधी आणि विसरून एकदा नंतर. ती दुबार नावं काढायला हवी होती. तिने संगणकाला नियम घालून दिला. नाव तेच, वय तेच, फोन तोच असेल, तर ती एकच बाई समजायची. पहिली ओळ ठेवायची, बाकीच्या पुसायच्या. नियमात खोट काढायला जागा नव्हती. कुठल्याही शहरात तो चालला असता. संगणकाने क्षणात एकोणीस ओळी पुसल्या. हिल्डाने आकडा पाहिला, ओळी वाचल्या नाहीत. एकशे त्र्याहत्तरमध्ये एकोणीस म्हणजे फार नाहीत, असं म्हणून ती पुढे गेली.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना सुटल्यावर यादी बाहेरच्या फळ्यावर लागली. हरकती बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत. शुक्रवारी प्रबंध द्यायचा. क्लेमेंटीनचा नंबर चव्वेचाळिसावा आला. तिने वाटेतच दोघींना मिठ्या मारल्या, घरी येऊन डोक्यावरची ओढणी खुंटीला टांगली आणि जाहीर केलं, “वीस वरसं टाचा भाजल्या. आता लादीवर बसनार मी. पानी सोडनार नलाचं, आनि समोरच्या गिऱ्हाइकाला सांगनार, जरा थांबा.” तिने ते ‘जरा थांबा’ तीनदा म्हणून पाहिलं.

तिसऱ्यांदा म्हणत असतानाच दारात जुलियाना आली. जुलियाना साठीची, विधवा, मूलबाळ नाही. खांदा एकदा निखळला तेव्हापासून ती एकच पाटी नेते, दुसरी उचलत नाही. म्हणून तिची हाक एकपाटी. तीस वर्षं एव्हरशाईन सिटीच्या त्याच कोपऱ्यावर बसणारी.

“हिल्डा, बाय, एक सांग,” ती उंबऱ्यावरच बसली. “तुझ्या यादीत माजं नाव हाय. एकशे एकविसावं. समोर लिवलंय, घरात बोट हाय.”

“हो मावशी, मग?”

“मग काय! माझ्या घरात बोट हाय आनि मलाच ठावं नाय. कुठं नांगरलीय तेवडं सांग. न्हानीत बगितली, नाय. मोरीत बगितली, नाय.”

क्लेमेंटीन खो खो हसली. हिल्डा हसली नाही. “मावशी, ती विहिरीवरची जुलियाना असेल. तुमची ओळ वेगळी असणार.”

“समदी यादी वाचून घेतली ग्लेनकडून. जुलियाना कोली एकच हाय. आमी तिघी हाव. तिघी चुलत बयनी, एका आजीच्या नावाच्या. दोघी कुठं गेल्या? मेलो काय आमी?”

हिल्डाने लॅपटॉप उघडला. पुसलेल्या एकोणीस ओळी तिने ठेवलेल्या ओळींशी जोडून पहिल्यांदा वाचल्या. जुलियाना कोळी, वय साठ. जुलियाना कोळी, वय साठ. जुलियाना कोळी, वय साठ. तिघींचा फोन एकच. ग्लेनचा. कारण गल्लीतल्या बायकांना फोन नंबर विचारला की त्या ग्लेनचाच देतात, तो दिवसभर दुकानात असतो आणि निरोप पोचवतो. आणि वय विचारलं की पन्नाशी ओलांडलेली प्रत्येक बाई सांगते, “लिव साठ.” हे सगळं हिल्डाला जन्मापासून माहीत होतं. तिच्या स्वतःच्या आजीने मरेपर्यंत साठच सांगितलं होतं. एखादा परगावचा माणूस चुकला असता तर त्याला माफी होती. ही याच गल्लीत वाढलेली. या तिघींना वेगळं करणारी एकच गोष्ट वहीत होती, आणि ती हिने आपल्या हाताने काढली होती.

“चूक माझी आहे, मावशी,” ती म्हणाली.

“तुझी की त्या डब्याची?”

“माझी.”

“बरं,” जुलियाना उठली. “चूक झाली तर झाली. पन बोट परत घे. मला पोसवनार नाय.”

सोमवारी पहाटे हिल्डा वही घेऊन लिलावात गेली. बोटी लागल्या होत्या, मांदेलीचे ढीग पडत होते, आणि ती टोपल्यांमधून वाट काढत एकेकीला गाठत होती. एकोणीस ओळींपैकी पाच खरोखरच दुबार निघाल्या. बाकीच्या चौदा म्हणजे चौदा जिवंत बायका. कुणी दोन आमिषा, कुणी दोन क्लेमेंटीन, आणि दोन तिच्याच नावाच्या. जुलियाना सोडली तर यादी वाचून घेतलेली यांत कुणीच नव्हती. “नंबर नाय लागला म्हनजे नाय लागला,” एवढंच म्हणून त्या गप्प बसल्या होत्या.

दुपारी तिने चौदा ओळी परत घातल्या आणि गणित पुन्हा चालवलं. एकपाटी जुलियाना सतराव्या नंबरावर आली. आणखी पाच जणी चव्वेचाळीसच्या वर आल्या. क्लेमेंटीन कोळी, जी चव्वेचाळिसावी होती, ती पन्नासावी झाली.

अठ्ठेचाळीस ओटे.

हिल्डाने गणित तीन वेळा चालवलं. पन्नास बदलेना. मग तिने भाविका मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, आईचा नंबरही सांगितला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हरकत फक्त जुलियानाबाईंची आलीय ना? त्यांचा एकटीचा अर्ज दिलास तर त्यांना ओटा मिळेल. तुझी आई किती होईल?”

“पंचेचाळीस.”

“म्हणजे तीही आत राहील. बाकीच्या तेरा जणींना काही कळणार नाही. प्रबंधही शुक्रवारी देता येईल. मर्यादांच्या प्रकरणात एक वाक्य टाकलंस की परीक्षकही काही विचारणार नाहीत.”

“तुम्ही मला असं करायला सांगताय?”

“नाही. वाट कुठे कुठे जाते ते दाखवतेय. तू सगळं मागे घेतलंस तर प्रबंध पुन्हा लिहावा लागेल, पदवी पुढच्या फेरीत. त्याची काळजी करू नकोस, मी सही करीन. प्रबंध उशिरा चालतो, हिल्डा. ती यादी बुधवारी पाचनंतर चालणार नाही.”

हिल्डा अंगणात आली. क्लेमेंटीन पाटावर बसून मासे साफ करत होती. विळीवर हात चालू, तोंडाने ‘जरा थांबा’ची तालीम चालूच. हिल्डा तिच्या समोर उकिडवी बसली.

“मम्मी, यादी चुकलीय. चौदा जणी राहिल्यात. त्या घातल्या की तुझा नंबर पन्नासावा होतो.”

विळीवरचा हात थांबला. “पन्नास म्हनजे भाएर.”

“हो.”

“आनि घातल्या नाय तर?”

“आत.”

क्लेमेंटीनने पोरीकडे पाहिलं. “मग मला इचारायला आलीस की सांगायला?”

“सांगायला.”

“चौदा जनींना घरात घेतलंस, आनि आईला ढकललंस रस्त्यावर,” क्लेमेंटीन म्हणाली, आणि पुढचा मासा उचलला. त्यानंतर ती लेकीशी बोललीच नाही. ताट वाढायची, त्यात मोठा तुकडाही घालायची, पण शब्द नाही. त्या घरात इतकी शांतता कुणी ऐकली नव्हती. शेजारणी भिंतीला कान लावून गेल्या.

मंगळवारी हिल्डाने संस्थेला अर्ज लिहिला. यादी माझ्या चुकीमुळे अशुद्ध आहे, दोष वहीचा नाही, बायकांचा नाही, संगणकाचाही नाही. सोबत नवी यादी, आणि नव्या यादीत शेवटी हाकेचा रकाना. ही यादी संस्थेपुरती आणि फळ्यापुरती. प्रबंध पुढच्या फेरीवर गेला, आणि त्यात नुसते क्रमांक असणार होते. तरीही ज्यांची हाक फळ्यावर जाणार होती त्या प्रत्येकीला तिने आधी विचारलं. लंगडी कमळीला विचारायला तिला संकोच वाटत होता.

“कमळी मावशी, तुमची हाक लिहिली तर चालेल?”

“न चालायला काय? खरं तेच लिव. का धावनारी लिवनार हायस?”

बोबडी म्हणवली जाणारी एक मात्र म्हणाली, “मना ते नको.” तिला काय हवं विचारल्यावर तिने ‘फाटकाजवळची’ असं सांगितलं, आणि हिल्डाने तेच लिहिलं. एक मुलगी आपल्याला काय म्हणायचं ते विचारत फिरतेय, याचंच त्या बायकांना अप्रूप वाटत होतं. सगळ्या एकेक वाक्य जास्तच सांगत होत्या. कुणाची हाक कशी पडली, कुणी पाडली, त्या दिवशी समुद्र कसा होता. हिल्डाने तेही उतरवून घेतलं. त्याला गुण नव्हते, तरी घेतलं.

त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी शेडमध्ये वाटप झालं. संस्थेचा कारकून मयूर टेबल मांडून बसला होता. बाजूला हिल्डा लॅपटॉप घेऊन. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, फुलं माळून आलेल्या. क्लेमेंटीनही आली होती, मासळीची पाटी आणि बर्फाचा डबा पायाशी ठेवून, मागे खांबाला टेकून, हाताची घडी घालून.

सोळा नावं सुरळीत गेली. मग मयूरने आवाज चढवला, “सतरा! जुलियाना कोळी!”

तिघी उठल्या. सगळी शेड हसली. मयूर बावरला. “आता हे काय? यादी परत चुकली का?”

“शेवटचा रकाना वाच,” हिल्डा म्हणाली.

“एक... एकपाटी?”

“हाय!” असं म्हणत जुलियाना पुढे आली, आणि बाकीच्या दोघी खाली बसल्या, गोरी जुलियाना जराशी नाराज होऊन. जुलियानाने सतराव्या ओट्यावर आधी हात फिरवला, मग पदराने तो पुसला, मग चढून बसली. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या उंचीला आली होती. तिने समोर पाहिलं आणि कुणीच गिऱ्हाईक नसताना उगाच म्हणाली, “बोला.”

अठ्ठेचाळीस संपले. ज्यांना मिळालं नाही त्या हळूहळू उठू लागल्या. मयूरने प्रतीक्षा यादी काढली. ओटा मोकळा झाला की त्या क्रमाने द्यायचा.

“पन्नास. क्लेमेंटीन कोळी. प्रतीक्षा क्रमांक दोन. सही करा मावशी.”

क्लेमेंटीन खांबापासून निघाली. मासळीच्या काट्यांनी भोकं पडलेल्या बोटांत तिने पेन धरलं आणि कागद वाचला. सही करायच्या जागेवरून तिचं बोट सरकत शेवटच्या रकान्याशी गेलं. तो रिकामा होता.

“समद्या गावाची हाक लिवलीस. माजीच नाय?”

पाच दिवसांतले हे पहिले शब्द. हिल्डा खाली बघून म्हणाली, “विचारल्याशिवाय लिहीत नाही मी. आणि तू बोलत नव्हतीस.”

“मग? बोलत नवते म्हनून काय माजी हाक बदलली? चिंबोरी लिव. मोठ्या अक्षरांत. तीन क्लेमेंटीन हायत गावात. उद्या ओटा मोकला झाला आनि दुसरीच उभी रायली तर कोनाच्या मनगटाला धरू मी?”

हिल्डाने टाईप केलं. मयूरने तो शब्द यादीत उतरवला. क्लेमेंटीनने तो वाचून बघितला, मगच सही केली.

पलीकडून सतराव्या ओट्यावरून जुलियाना ओरडली, “गो चिंबोरी! रस्त्यावर बर्फ इतलतो तुजा. तोवर डबा माझ्या ओट्याखाली ठेव, जागा रिकामीच हाय!”

“कुठली रिकामी?” क्लेमेंटीनने पाटी डोक्यावर घेतली. “तिथं तुजी बोट उभी हाय ना!”

आणि सगळी शेड हसत असताना ती आपला बर्फाचा डबा सतराव्या ओट्याखाली सरकवून, रस्त्यापलीकडच्या आपल्या जागेवर बसायला गेली.